रस्त्याकडेची पाटी कशी वाचावी?

एस. टी.च्या खिडकीतून बाहेर पाहताना रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड एकामागून एक मागे पडताना तुम्ही पाहिले असतील. समजा, एका दगडावर पुढच्या गावाचे नाव आणि १२ हा आकडा लिहिला आहे. हे विधान खरे की खोटे, हे तपासणे मुळीच अवघड नाही. सायकलच्या चाकाचा परीघ मोजावा, गावापर्यंत जाताना चाकाचे किती फेरे होतात ते मोजावे आणि गुणाकार करावा. दगड चुकीचा असेल तर तो लगेच उघडा पडेल.

आता दुसऱ्या एका पाटीचा विचार करा. ‘या जागी अमुक साली अमुक घटना घडली’ एवढेच तिच्यावर लिहिले आहे. हे विधान कसे तपासाल? फेरे मोजून इथे काम भागणार नाही. घटना घडून गेलेली असते आणि जागाही बदललेली असते. तरीसुद्धा अशी पाटी तपासता येते. ती कशी, हे या लेखात आपण पाहणार आहोत. त्यासाठी आपण अमेरिकेतील एका ग्रामीण भागात जाऊ. तेथे रस्त्याकडेची एक पाटी चार वेळा उभी करावी लागली आणि चौथी पाटी तर बंदुकीच्या गोळीला दाद न देणाऱ्या पोलादाची करावी लागली!

मोटारी आल्या आणि पाट्या आल्या

अमेरिकेत १९२० नंतरच्या काळात मोटारगाड्यांची संख्या झपाट्याने वाढली. लोक दूरदूरचे प्रवास करू लागले. वाटेवरच्या गावांचा इतिहास प्रवाशांना कळावा, त्यांनी तेथे थांबावे, या हेतूने अनेक राज्यांनी रस्त्याच्या कडेला इतिहासाच्या पाट्या लावायला सुरुवात केली. व्हर्जिनिया राज्याने आपल्या पहिल्या पाट्या १९२७ मध्ये लावल्या. आज त्या एका राज्यातच अडीच हजारांहून अधिक पाट्या आहेत. टेक्सास राज्यातील पाट्यांची संख्या तर सोळा हजारांच्या वर गेली आहे.

एका पाटीवर साधारणपणे शंभरएक शब्द असतात. धावत्या मोटारीतून ते वाचता येतील का? आपण हिशेब करून पाहू.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६ मीटर अंतरावरून अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. निरोगी डोळ्याला त्या अंतरावरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. या प्रमाणात २५ मिलिमीटर उंचीचे अक्षर फार तर १७ मीटरवरून ओळखता येईल. आता मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर धरा. १७ मीटर अंतर संपायला एक सेकंदही लागत नाही! आपण सेकंदाला तीन-चार शब्द वाचतो असे मानले, तर पाटीवरचे दोन-तीन शब्द वाचून होतात न होतात तोच ती मागे पडलेली असते. शंभर शब्द वाचायला अर्धा मिनिट तरी हवा. म्हणून गाडी थांबवून, खाली उतरून वाचणाऱ्यासाठीच ही पाटी असते. तिच्याजवळ गाडी उभी करायला जागा लागते ती यामुळेच.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. शंभर शब्दांत कोणतीही घटना पुरती सांगता येत नाही. काहीतरी गाळावेच लागते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते.

लाकूड, लोखंड की ॲल्युमिनियम?

पाटीला ऊन, पाऊस, थंडी सारे सोसावे लागते. लाकूड ओलाव्याने आणि बुरशीने कुजते. लोखंड गंजते. गंज हा लोखंडाचा ऑक्सिजन व पाणी यांच्याशी झालेला संयोग असतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात, आतील नवे लोखंड हवेत उघडे पडते आणि गंजण्याची क्रिया पुढे चालूच राहते.

ॲल्युमिनियमचे मात्र वेगळे आहे. त्याचाही ऑक्सिजनशी संयोग होतो. किंबहुना लोखंडापेक्षा लवकर होतो. पण त्यातून तयार होणारा ऑक्साइडचा थर अत्यंत पातळ असला तरी धातूला घट्ट चिकटून बसतो. मग ऑक्सिजनला आत वाट मिळत नाही. ॲल्युमिनियम असे स्वतःच्याच गंजाने स्वतःला झाकून घेते. शिवाय त्याची घनता पाण्याच्या २.७ पट आहे, तर लोखंडाची ७.९ पट. म्हणजे पाटी हलकी होते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, तर शुद्ध लोखंडाला १,५३८ अंश लागतात. यामुळे ओतकामही सोपे जाते.

ओतीव पाटी बनवण्याची पद्धत जुनीच आहे. आधी उठावदार अक्षरांसह पाटीचा नमुना तयार करतात. चिकणमाती मिसळलेली दमट वाळू त्याच्याभोवती ठासून भरतात. नमुना अलगद काढून घेतला, की वाळूत त्याचा ठसा उरतो. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड होताना ॲल्युमिनियम शेकडा सव्वाएक इतके आकसते, म्हणून नमुना मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. शेवटी पाटी रंगवतात आणि उठावाच्या अक्षरांवर दुसरा रंग देतात. ओहायो राज्यातील मॅरिएटा या गावी अशा पाट्या ओतण्याचा व्यवसाय १९२७ पासून चालत आला आहे.

ऊन-पावसाचा बंदोबस्त असा झाला. पण पाटीचे शत्रू एवढेच नसतात.

टॅलाहॅची काउंटी

अमेरिकेत राज्याचे जे विभाग असतात त्यांना काउंटी म्हणतात. आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यांसारखाच हा प्रकार. मिसिसिपी राज्यात टॅलाहॅची नावाची काउंटी आहे. सपाट, काळीभोर जमीन, कापसाची शेते आणि मधून वाहणारी टॅलाहॅची नदी. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या तेरा हजारांच्याही आत होती.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागो शहरातला एमेट टिल नावाचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सुटीसाठी मिसिसिपीतील नातेवाइकांकडे आला. त्याचे नातेवाईक शेजारच्या लफ्लोर काउंटीत, मनी या खेड्याजवळ राहत. एमेट तुमच्याच वयाचा होता, असे म्हटले तरी चालेल. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात कडक भेदभाव पाळला जाई. मनीतील एका दुकानात गोऱ्या दुकानदारीणबाईशी तो उद्धटपणे वागला, असा त्याच्यावर आळ आला. २८ ऑगस्टच्या पहाटे त्या बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी एमेटला नातेवाइकांच्या घरातून पळवून नेले आणि त्याची हत्या केली. ३१ ऑगस्टला त्याचा मृतदेह टॅलाहॅची नदीत सापडला. सरकी काढण्याच्या यंत्राचा जड पंखा काटेरी तारेने त्याला बांधलेला होता.

एमेटची आई मेमी टिल हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा निश्चय केला. आपल्या मुलाचे काय केले गेले, ते जगाला दिसले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. हजारो लोकांनी ते पाहिले आणि छायाचित्रे देशभर पोचली.

मृतदेह टॅलाहॅची काउंटीत सापडला म्हणून खटलाही त्याच काउंटीत, समनर गावच्या न्यायालयात चालला. ज्युरीतील बाराही जण गोरे पुरुष होते. २३ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी तासाभरापेक्षा थोड्याच अधिक वेळात दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा भरता येत नाही. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ या नियतकालिकात त्या दोघांची कबुली प्रसिद्ध झाली. त्यासाठी त्यांना पैसेही मिळाले होते.

एका अंगणातील दोन खुणा

ही घटना अमेरिकेच्या नागरी हक्कांच्या चळवळीला वेग देणारी ठरली. मिसिसिपी राज्याची इतिहासाच्या पाट्या लावण्याची योजना तर १९४९ पासूनच सुरू होती. मग या घटनेची पाटी केव्हा लागली असेल? एक वर्षाने? दहा वर्षांनी?

जवळजवळ पन्नास वर्षे त्या राज्यात एमेट टिलच्या स्मरणार्थ रस्त्यावर काहीही नव्हते. २००५ मध्ये एका महामार्गाच्या काही भागाला त्याचे नाव देण्यात आले. पुढे काउंटीतील कृष्णवर्णीय आणि गोऱ्या नागरिकांनी मिळून एक समिती चालवली. २ ऑक्टोबर २००७ रोजी समनरच्या न्यायालयासमोर टिल कुटुंबाची जाहीर क्षमा मागण्यात आली. त्याच वर्षी न्यायालयापुढे खटल्याची माहिती देणारी पाटी लागली.

याच न्यायालयाच्या अंगणात १९१३ मध्ये एक स्मारक उभारण्यात आले होते. ते होते १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांचे. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांची ती बाजू होती. आता वजाबाकी करा. युद्ध संपल्यापासून स्मारक उभे राहीपर्यंत ४८ वर्षे गेली. खटल्यापासून पाटी लागेपर्यंत ५२ वर्षे गेली. म्हणजे प्रत्येक खुणेला दोन तारखा असतात. एक घटनेची, आणि दुसरी ती खूण उभारल्याची. पहिली तारीख घटनेविषयी सांगते. दुसरी तारीख त्या काळी सत्ता कोणाच्या हाती होती, कोणाला बोलता येत होते आणि कोणाला येत नव्हते, याविषयी सांगते. १९१३ मध्ये समनरच्या अंगणात कृष्णवर्णीयांच्या स्मरणार्थ काही उभे राहणे शक्यच नव्हते. २००७ मध्ये ते शक्य झाले. दरम्यान काय काय बदलले असेल, हा प्रश्न या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावरच सुचतो.

जागा बरोबर आहे का?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘या जागी घडले’ हे कसे तपासायचे?

‘लुक’मधील कबुली वाचणाऱ्याला वाटेल, की गुन्हेगारानेच सांगितले, आता आणखी पुरावा कशाला? पण येथेच सावध राहावे लागते. एमेटला मारहाण झाली ती सनफ्लॉवर काउंटीतील ड्रू गावाजवळच्या एका कोठारात. विली रीड या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने ते कोठार आणि आतून येणारा आवाज यांविषयी न्यायालयात उघडपणे साक्ष दिली होती. अशी साक्ष देणे त्या वेळी जिवावरचे होते. साक्षीनंतर त्याला मिसिसिपी सोडून शिकागोला जावे लागले. परंतु ‘लुक’मधील हकिकतीत त्या कोठाराचा उल्लेखच नव्हता. कोठाराचे नाव घेतले असते, तर गुन्ह्यात सामील असलेले आणखी लोक उजेडात आले असते. त्यांच्यावर तर खटला झालेलाच नव्हता! नियतकालिकाचा खप मोठा होता, साक्षीदाराचा आवाज लहान होता. त्यामुळे कित्येक वर्षे लोकांनी ती खोटी जागाच खरी मानली आणि कोठार विस्मरणात गेले.

मृतदेह नदीत नेमका कोठे सापडला, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रॅबॉल लँडिंग या नदीकाठच्या जागी त्याची पाटी आहे. पाटीवरची अक्षरे मात्र नेहमीच ठाम असतात. ‘बहुधा’ हा शब्द पाट्यांवर क्वचितच आढळतो. म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एका कथनावर विसंबू नये. सांगणारा तेथे होता का? हे सांगण्यात त्याचा काही फायदा होता का? दुसऱ्या कोणी, त्याच्यापासून स्वतंत्रपणे, तेच सांगितले आहे का? प्रयोगशाळेत एक वाचन घेऊन आपण थांबत नाही, पुन्हा पुन्हा घेतो. इतिहासातही नियम तोच.

गोळी आणि पोलाद

नदीकाठची ती पाटी २००८ मध्ये उभी राहिली आणि लवकरच चोरीला गेली. ती नदीत फेकून देण्यात आली. मग दुसरी पाटी लावली. तिच्यावर कोणी ना कोणी येऊन गोळ्या झाडत राहिले. तिच्यावरील भोके मोजली, तेव्हा ती ३१७ भरली. जून २०१८ मध्ये तिसरी पाटी लावली. पस्तीस दिवसांत तिच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या.

पातळ पाटीतून गोळी आरपार का जाते? रायफलची गोळी फार जड नसते. समजा ४ ग्रॅमची. पण तिचा वेग सेकंदाला ९०० मीटर असू शकतो. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला पाठ आहे. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे. उत्तर सुमारे १,६०० ज्यूल येते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० ज्यूल भरते. म्हणजे चाळीस पटींनी हलकी गोळी चेंडूच्या तेरा पट ऊर्जा घेऊन येते. शिवाय ही सारी ऊर्जा करंगळीच्या नखापेक्षाही लहान क्षेत्रावर आदळते. पातळ पत्र्याला ती ऊर्जा आजूबाजूला पसरवण्याइतका वेळही मिळत नाही आणि जाडीही नसते. तेवढाच भाग फाटतो.

कठीण केलेले जाड पोलाद मात्र सहज वाकत नाही की फाटत नाही. त्यावर आदळून मऊ धातूची गोळीच चपटी होते, फुटते आणि तिची बरीचशी ऊर्जा त्यातच खर्च होते. १९ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रॅबॉल लँडिंगला चौथी पाटी उभारली गेली ती अशा पोलादाची. तिची जाडी इंचाहून अधिक आहे आणि मजकुरावर ॲक्रिलिकचे मजबूत आवरण आहे. वजन ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२५ किलो. हे वजन खरे वाटत नसेल तर स्वतः हिशेब करा. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा पोलादी पत्रा किती किलोचा होईल? घनता घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅम धरा. उत्तर १९५ किलो आले पाहिजे. तेवढ्याच क्षेत्रफळाचा दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा साडेपाच किलोही भरत नाही.

तीनशे सतरा भोकांची ती दुसरी पाटी टाकून दिली नाही. २०२१ मध्ये ती वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. ती पाटी आता १९५५ पुरती राहिली नव्हती. ही आठवण पुसून टाकू पाहणारे लोक आपल्या काळातही आहेत, याचा ती स्वतःच पुरावा झाली होती. पुढे २५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या जन्मदिवशी, ग्रॅबॉल लँडिंग, समनरचे न्यायालय आणि शिकागोतील ज्या चर्चमध्ये त्याचे अंत्यविधी झाले ते चर्च, या तीन जागा मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झाले.

तुम्ही काय कराल?

पाट्या आणि खुणा केवळ अमेरिकेतच असतात असे नाही. तुमच्या शाळेच्या भिंतीतील कोनशिला, पुलाच्या कठड्यावरील लेख, चौकातील पुतळ्याखालचा मजकूर, देवळापाशी वर्षानुवर्षे उभा असलेला वीरगळ ही सारी त्याच जातीची विधाने आहेत. एक वही घ्या आणि प्रत्येक खुणेसाठी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा :

१. ही खूण काय सांगते? तिच्यातील प्रत्येक विधान वेगळे लिहा.

२. घटना केव्हाची आणि खूण केव्हाची? दोन्हींत किती वर्षांचे अंतर आहे?

३. ती कोणी उभारली? खर्च कोणी केला?

४. कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही? पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव असते. ज्यांनी दगड घडवले, त्यांचे असते का?

५. हेच दुसऱ्या कोठे सापडते का? शाळेचे दप्तर, ग्रामपंचायतीची नोंद, गावातील वृद्ध माणसे यांना विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा. त्यांतले एक खोडू नका.

६. ती कशाची बनवली आहे आणि किती झिजली आहे? लांबी-रुंदी मोजा, चित्र काढा.

एक पथ्य मात्र पाळा. अक्षरे नीट दिसावीत म्हणून जुन्या दगडाला तेल किंवा रंग लावू नका, खिळ्याने घासू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले, की पुसट अक्षरांच्या कडांना सावली येते आणि ती वाचता येतात. दिवसा विजेरी तिरपी धरून, वर सावली केली तरी हेच साधते.

शिक्षकांनी अशा वह्या वर्गात एकत्र करून गावाचा एक नकाशा करावा. त्यावर खुणा मांडून झाल्या, की मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा : आपल्या गावात घडलेली अशी कोणती गोष्ट आहे, की जिच्यासाठी अजून एकही पाटी नाही? त्याचे उत्तर शोधायला मुलांना घरोघर जावे लागेल, आणि तसे जाणे फार उपयोगाचे ठरेल.